न झाडलेली खोली

१

सही सकाळी दहा वाजून बेचाळीस मिनिटांनी झाली होती.

एवढीशी गोष्ट. दुसऱ्या कुणाच्या ती नजरेतही भरली नसती. पण तिने ती पाहिली आणि चहाचा कप ओठांपर्यंत नेऊन तसाच खाली ठेवला. बगळ्याने अकरा वर्षांत दोनशे चौदा सह्या केल्या होत्या आणि त्या सगळ्यांच्या वेळा तिच्याकडे होत्या. सर्वांत लवकरची रात्री सव्वानऊची, सर्वांत उशिराची पहाटे पावणेपाचची. सकाळची एकही नाही. ही दोनशे पंधरावी मात्र भर उन्हात केलेली होती.

बगळा हे अर्थातच खरं नाव नव्हे. लिनक्स या संगणकप्रणालीच्या ज्या वितरणासाठी ते दोघं काम करत, ते चालवणारी माणसं दहा ठिकाणी विखुरलेली होती. पगार कुणालाच नव्हता आणि सगळे एकमेकांना टोपणनावानेच ओळखत. त्याला बगळा म्हणत, कारण तो दिवसचे दिवस गप्प उभा राही आणि मग अचूक चोच मारी. तिला म्हणत मोजपट्टी. दिवसा ती एका कॉलेजात रसायनशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळी. बाकीचा वेळ घरात ती एकटी असे आणि हे काम असे.

दोघांच्या अंगावर मिळून एक पॅकेज होतं : वेब सर्व्हर. कुणी ब्राउझरमध्ये पत्ता टाकला की ते पान शोधून हातात देणारा प्रोग्रॅम. तो लिहिणारे लोक वेगळे. त्यांनी नवी आवृत्ती काढली की ती आपल्या वितरणात नीट बसती करायची, वितरणाची स्वतःची बारा ठिगळं, म्हणजे छोटे बदल, तिच्यावर चढवायची, बांधायची, तपासायची आणि आपल्या डिजिटल किल्लीने सही करून पाठवायची, हे या दोघांचं काम. सही खरी असली की लाखो यंत्रं ते पॅकेज डोळे झाकून उतरवून घेत. म्हणून किल्ल्यांचा एक जुडगा होता, आणि कुणाची किल्ली त्यात राहील, कुणाची निघेल, हे पाहण्याची जबाबदारी सहा वर्षांपासून तिच्याकडे होती.

बगळा अकरा महिने गप्प होता. इतका गप्प तो पूर्वी कधीच नव्हता. आणि बुधवारी सकाळी दहा बेचाळीसला त्याच्या सहीने सर्व्हरची नवी आवृत्ती येऊन दाखल झाली.

सगळ्यांच्या ईमेल-यादीवर आनंदीआनंद झाला. ‘आला रे आला’, ‘कुठे होतास एवढे दिवस’, ‘चोच शाबूत आहे ना’. बगळ्याने कुणालाच उत्तर दिलं नाही. संध्याकाळपर्यंत आनंद ओसरला, कारण तक्रारी यायला लागल्या. नवी आवृत्ती बऱ्याच यंत्रांवर बसेचना. वितरणाने कधीच मोडीत काढलेली एक लायब्ररी, म्हणजे आधाराचा प्रोग्रॅम, ती मागत होती.

तिला त्या तक्रारींपेक्षा दुसरंच काही खुपत होतं. अकरा वर्षांत एकही पॅकेज पाठवल्यावर बगळ्याने तिला दोन शब्द लिहिले नाहीत असं झालं नव्हतं. ‘झोपा आता.’ बास, एवढंच. दोनशे चौदा वेळा.

या वेळी तो निरोप आला नव्हता.

२

“किल्ली चोरीला गेलीय, दुसरं काय असणार?” मुकादम फोनवर म्हणाला. आवृत्त्या वेळेवर निघतात की नाही यावर देखरेख ठेवणारा म्हणून तो मुकादम. एरवी तो लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होता, आणि मागे कुठेतरी कायम घणाचे आवाज चालू असत. “आणि मोजपट्टीबाई, रागावू नका, पण चोरीला जाण्याजोगी ती किल्ली जुडग्यात राहिलीच कशी?”

नियम तिनेच लिहिला होता : सहा महिने कुणाचा मागमूस नसेल तर पत्र पाठवायचं. ‘आपण अजून आमच्यात आहात का? तीस दिवसांत उत्तर यावं, किंवा आपल्या सहीचं काही काम दिसावं. नाहीतर आपलं नाव उतरवण्यात येईल.’ बगळ्याला ते पत्र पाठवायला तिने सहा महिन्यांऐवजी नऊ लावले. त्याचे तीस दिवस उलटून गेले, तरी नाव तिथेच. दर सोमवारी ती जुडगा उघडी, त्याच्या नावावर बोट ठेवी आणि वहीत लिही : पुढच्या सोमवारी.

कारण साधं होतं. पॅकेजच्या पहिल्या पानावर ‘सांभाळणारे’ असं लिहिलेलं होतं आणि खाली दोन नावं होती. एक काढलं की एकच उरणार होतं.

“तुम्हालाच ही आवृत्ती घाईने हवी होती,” ती म्हणाली. “शुक्रवारी दार बंद होतंय. त्यानंतर नवीन काही घेता येणार नाही.”

“म्हणजे माझ्यावर संशय?” मुकादम मोठ्याने हसला. “अहो, मला हवी होती ती चालणारी आवृत्ती! ही तर बसतही नाही. असली चोरी करून मी माझ्याच पायावर धोंडा कशाला पाडून घेऊ? आणि माझं यंत्र बांधणीआधी खोली आपोआप झाडून घेतं, तुम्हीच तर लावून दिलं होतंत.”

खोली झाडणं हा त्यांचा आपापसातला शब्द. पॅकेज बांधायचं ते यंत्राच्या आतल्या एका बंदिस्त, कोऱ्या जागेत, म्हणजे बाहेरचा कचरा त्यात येत नाही. तिला ते खोली म्हणत. दर बांधणीआधी खोलीतल्या जुन्या लायब्ररी काढून त्या दिवशीच्या आणायच्या, हे झाडणं. ते इतकं पहिलं काम की कुणी त्याचा उच्चारही करत नसे.

“तुम्ही त्याला भेटला आहात,” ती म्हणाली. “आपल्यात तुम्ही एकटेच.”

“एकदाच. अकरा वर्षं झाली. किल्लीची ओळख पटवायला भेटावं लागतं म्हणून. बोलला नाही फारसा. मनगटावर घड्याळ नव्हतं, पण हॉटेलातल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे सारखा बघत होता. शेवटी वेटरला बोलावून म्हणाला, हे चार मिनिटं मागे आहे. म्हटलं, तुला काय करायचंय? तर म्हणतो, घरचा रोग आहे. वडील घड्याळजी.” घणाचा आवाज थांबला. “बाई, शुक्रवारी दुपारी दोनला समितीची बैठक आहे. किल्ली चोरीची ठरली तर त्याच्या सगळ्याच सह्या बाद होतील. दोनशे चौदाच्या दोनशे चौदा. कोणती त्याची, कोणती चोराची, हे कोण सांगणार? नाव सगळीकडून पुसावं लागेल.”

“मला तोपर्यंत वेळ द्या.”

“दोन वाजेपर्यंत दिला. पण एक सांगतो. त्याच्या यंत्रावर जायची परवानगी अजून एका व्यक्तीकडे होती. त्याने गुपचूप दिली होती. मला कळलं, पण मी गप्प बसलो.”

“कुणाकडे?”

“तुमच्या लाडक्या चिमणीकडे.”

३

चिमणीचा सांभाळणारी होण्याचा अर्ज चार महिन्यांपासून तिच्याच टेबलावर पडून होता. हुशार, चटपटीत, एका बँकेत नोकरी, घरी दोन वर्षांची मुलगी. सर्व्हरच्या पॅकेजवर दुसरं नाव रिकामं झालं की ते आपलं असावं, ही तिची इच्छा सगळ्यांना ठाऊक होती.

“ताई, मी सांगणारच होते,” चिमणी घाईघाईने म्हणाली. मागे पोरगी डबा आपटत होती. “अगं थांब ना, सोनू! ताई, दादांनी मला शिकायला म्हणून लॉगिन दिलं होतं. नियमात बसत नाही, माहीत आहे. पण किल्लीला हात नाही लावला मी, मुलीची शप्पथ.”

“शपथ नको. काय पाहिलंस ते सांग.”

“यंत्र नऊ महिने बंद होतं. मी अधूनमधून दार वाजवून बघायची, उत्तर नाही. मग सात-आठ आठवड्यांपूर्वी अचानक चालू. रोज सकाळी नऊला चालू, पाऊणच्या आत बंद. माझी ऑफिसला जायची वेळ, त्यामुळे लक्षात राहिलं. फक्त मंगळवारी नाही.”

“मंगळवारी नाही?”

“एकाही मंगळवारी नाही. मग एक दिवस मी आत गेले. ताई, तिकडे कुणीतरी टाइप करत होतं. मला अक्षरं उमटताना दिसत होती. एक अक्षर, मग थांबायचं, मग दुसरं. चुकलं की सगळी ओळ खोडून पहिल्यापासून. एका ओळीला सतरा मिनिटं.” तिचा आवाज उतरला. “माझ्या अंगावर काटाच आला. वाटलं, दादांना काहीतरी झालंय. हाताला, डोक्याला. आपण असं चोरून पाहू नये म्हणून निघून आले, पुन्हा गेले नाही.”

“तेव्हाच मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर माझा अर्ज गेला असता.” ती पुढे म्हणाली, “आणि ताई, खरं सांगू? तुम्ही विचारलंही नाहीत. कुणीच विचारलं नाही. अकरा महिने.”

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ खिडकीपाशी उभी राहिली. समोरच्या इमारतीतली बाई गच्चीवरचे कपडे काढत होती. रोज साडेपाचला काढी. तिचंही नाव हिला माहीत नव्हतं.

मग तिने बगळ्याच्या पॅकेजचा इतिहास उघडला. कामाच्या नोंदी बुधवारी एकगठ्ठा आल्या होत्या, पण प्रत्येकीवर तिची तिची वेळ होती. तिने कागद घेतला आणि मोजायला बसली. एक्केचाळीस नोंदी, एक्केचाळीस सकाळी. बुधवारची सही धरून बेचाळीस. पहिल्या नोंदीपासून सहीपर्यंत सात आठवडे, एकोणपन्नास दिवस. त्यातले सात मंगळवार वजा केले की बेचाळीस. एकाही दिवसाची सुट्टी नाही, रविवारचीसुद्धा.

वेळा खोट्या घालता येतात, हे तिला माहीत होतं. पण खोट्या घालणारा माणूस मंगळवार कशाला वगळेल?

कागदाच्या कोपऱ्यात तिने पहिल्या नोंदीची तारीख लिहिली, आणि तिचा हात थांबला. स्वतः बगळ्याला पाठवलेल्या पत्राची तारीख तिने शेजारी लिहिली. पत्र गेल्यावर पाचच दिवसांनी काम सुरू झालं होतं.

४

गुरुवारी तिने कॉलेजात रजा टाकली. सहा वर्षांतली पहिली. धाकट्या बहिणीचा फोन आला, तेव्हा ती खुर्चीत पाय दुमडून बसली होती.

“बरं नाहीये का गं? तू आणि रजा?”

“एक माणूस हरवलाय.”

“कोण? माझ्या ओळखीचा?”

“माझ्याही नाही नीटसा,” ती म्हणाली, आणि हे बोलताना तिलाच कसंसं झालं.

बहिणीने जेवून घ्यायला बजावलं. तिने हो म्हटलं आणि पुन्हा पॅकेजकडे वळली.

चोराने घातलेलं काही असेल तर ते शोधायची एक खात्रीची रीत होती. त्याच वस्तू, त्याच खोलीत, त्याच क्रमाने बांधल्या तर पॅकेज तेच यायला हवं, शेवटच्या बिटपर्यंत. बगळ्याच्या खोलीत कोणत्या लायब्ररी होत्या त्याची यादी पॅकेजसोबत आलेलीच होती. तिने त्या जुन्या लायब्ररी गोदामातून एकेक काढून तशीच खोली उभी केली. दुपारी बांधणी संपली. दोन्ही पॅकेजं शेजारी ठेवून तिने यंत्राला फरक विचारला.

फरक काहीच नव्हता. एकाही बिटचा नाही.

म्हणजे आत विष नव्हतं. जे नोंदीत लिहिलं होतं तेवढंच पॅकेजात होतं. तिचा जीव भांड्यात पडला, पण डोक्यातला किडा शांत होईना. ती ठिगळं पाहू लागली. बारांपैकी आठ जशीच्या तशी बसली होती. चौथं, सातवं, नववं आणि अकरावं नव्या आवृत्तीत अडत होतं, कारण खालच्या ओळी सरकल्या होत्या. असं झालं की एक आज्ञा द्यायची, बाराही ठिगळं आपोआप जुळवून मिळतात. इथे तसं केलेलं नव्हतं. त्या चार ठिगळांत ओळींचे आकडे कुणीतरी हाताने मोजून बदलले होते. एकशे सत्तावीसचे एकशे एकतीस, दोनशे तीनचे दोनशे सात. एकही आकडा चुकलेला नव्हता. बदलांच्या नोंदीत शेवटी एक ओळ होती : ‘चारही ठिकाणी पुन्हा मोजून पाहिले आहे. बरोबर असावे, असे वाटते.’

बगळा ‘असे वाटते’ म्हणणारा माणूस नव्हता.

तिने प्रयोगवहीत लिहितात तसं लिहून काढलं. मुकादम असता तर खोली आपोआप झाडली गेली असती. चिमणी असती तर तिने वितरणाच्या शिकवणीतून केलं असतं. शिकवणीची पहिलीच ओळ ‘खोली झाडा’ अशी आहे. बाहेरच्या चोराला पॅकेज सगळीकडे बसायला हवं होतं, नाहीतर चोरी फुकट. आणि चोराने आत काही ठेवलं असतं. बगळा स्वतः असता तर त्याच्या बोटांनी विचार न करता खोली झाडली असती. उरतो तो असा कुणी, ज्याला बगळ्याने लिहून ठेवलेलं सगळं माहीत आहे आणि न लिहिलेलं काहीच माहीत नाही. जो त्याच्याच यंत्राशी बसतो. ज्याला घाई नाही. आणि ज्याचा हात बारीक मोजमापाला सरावलेला आहे.

सगळ्यात शेवटी तिने खोलीची तारीख काढली. त्यातली एक लायब्ररी फक्त चारच दिवस चालू होती, अकरा महिन्यांपूर्वी, नऊ तारखेपासून बारा तारखेपर्यंत. बगळ्याची शेवटची सही सहा तारखेची. म्हणजे त्यानंतरही तो एकदा टेबलाशी आला होता. पुढच्या कामासाठी खोली झाडून ठेवली होती. आणि परत आला नव्हता.

किल्ली देताना प्रत्येकाने घरचा पत्ता दिलेला असे. तो तिच्या कपाटात कुलुपात होता, सहा वर्षं. तिने कुलूप उघडलं. साडेतीन तासांचा बसचा रस्ता. एवढा जवळ.

५

दुसऱ्या मजल्यावरच्या दारावर पितळी पाटी होती. घंटी वाजवली तेव्हा शुक्रवारी सकाळचे सव्वादहा झाले होते. आत कुठेतरी खुर्ची सरकली, मग सावकाश पावलं. दार उघडणारे गृहस्थ पंचाहत्तरीच्या पुढचे, ताठ. कपाळावर भिंग सरकवलेलं होतं, ते तिथे आहे हे ते विसरले असावेत.

“कोण हवंय?”

तिने बगळ्याचं खरं नाव उच्चारलं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच तोंडाने.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या खांद्यावरच्या पिशवीकडे. “तुम्ही ते पत्र लिहिणाऱ्या का?”

“हो.”

“मग या आत. चपला असू देत.”

खोली लखलखीत होती. फरशीवर धुळीचा कण नाही. भिंतीवरची चारही घड्याळं एकाच वेळेला एकच मिनिट दाखवत होती. खिडकीखालच्या टेबलावर उन्हाचा चौकोन पडला होता. त्यात एक जुना संगणक, आणि पेन्सिलीने लिहिलेली एक वही उघडी. अक्षर फिकट होतं, काही ठिकाणी हात थरथरलेला.

“शाई आवडायची नाही त्याला,” घड्याळजी म्हणाले. “आणि ही पेन्सिल मला दिव्यात दिसत नाही. पाऊण वाजेपर्यंत ऊन असतं इथे. मग समोरची इमारत आड येते.”

“आणि मंगळवारी?”

“डोळ्यांचा दवाखाना. थेंब घालतात, दिवसभर धूसर.” ते थांबले. “तुम्हाला मंगळवार कसा कळला?”

“मोजला.”

पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. “बसा,” ते म्हणाले आणि स्वतः उभेच राहिले. “मी चोरी केली आहे का? सांगा. मला नियम माहीत नाहीत तुमचे.”

“तो कधी...?”

“एकोणीस तारखेला. वर्ष होईल पुढच्या महिन्यात. आजार दीड वर्षाचा. कुणाला सांगायचं नाही म्हणाला. औषधांनी विसरायला व्हायचं, म्हणून हे लिहायला घेतलं. मध्ये नऊ तारखेला दोन दिवस घरी आणलं होतं. अर्धा तास बसला इथे. काय करतोस म्हटलं, तर म्हणाला, झाडतोय. मला वाटलं, तापात बोलतोय.”

ती टेबलाकडे पाहत राहिली. या घरात न झाडलेली एकच खोली होती, संगणकातली; ती झाडायची असते हे यांना कुणी सांगितलं नव्हतं.

“तुमचं पत्र आलं,” ते म्हणाले. “त्याचं टपाल मी उघडतो, पेटी त्याने लावून दिली होती. विचारलं होतंत, अजून आहात का. आता हो कसं लिहू? खोटं होईल. नाही लिहिलं तर नाव जाणार. मग खाली वाचलं : ‘किंवा आपल्या सहीचं काही काम दिसावं.’ म्हटलं, काम करणं तर खोटं नाही.” त्यांनी वहीवर हात ठेवला. “एकोणसाठ वर्षं लोकांची घड्याळं उघडली. हे उघडता येईल असं वाटलं. पायऱ्या लिहिलेल्याच होत्या, चोवीस.”

“बेचाळीस दिवस लागले.”

“तीस तर कधीच संपले होते. रोज सकाळी आधी तुमची यादी उघडून बघायचो. नाव असायचं. म्हणायचो, चला, आजचा दिवस मिळाला.”

तिकडे ती दर सोमवारी बोट ठेवून ‘पुढच्या सोमवारी’ लिहीत होती, आणि इकडे ते रोज सकाळी तेच नाव पाहून कामाला बसत होते.

“किल्लीचं परवलीचं वाक्य वहीत होतं?” तिने विचारलं.

“नाही. तेवढं नव्हतं.” ते खिडकीकडे वळले. “दुकानात बसायचा लहानपणी. मोठं घड्याळ लावायला दिलं की मी सांगायचो, काटा मागे फिरवू नकोस, पुढेच फिरव. यंत्र बिघडतं मागे फिरवलं की. पहिल्याच खेपेला तेच टाकून पाहिलं. लागलं.”

मग तिने वहीचं शेवटचं पान पाहायला मागितलं. तेविसाव्या पायरीपर्यंत प्रत्येकीसमोर बारीक टिंब होतं, काम झाल्याचं. चोविसाव्या पायरीसमोर नव्हतं. तिथे लिहिलं होतं : ‘बाईंना कळवणे – झोपा आता.’

“ही राहिली,” घड्याळजी ओशाळून म्हणाले. “सकाळी पावणेअकराला कुणाला झोपा कसं म्हणायचं? आणि या बाई कोण, तेही कळेना. वाटलं, ही पायरी माझ्यासाठी नाही.”

तिने वही मिटली. मग पुन्हा उघडली आणि ती ओळ परत वाचली.

६

दोनला दहा कमी असताना ऊन टेबलावरून केव्हाच उतरलं होतं. त्यांनी तिला जेवायला वाढलं होतं. तिने त्यांना सगळं सांगितलं : पॅकेज का बसेना, आज दोनला काय ठरायचंय, चोरी ठरली तर काय काय पुसलं जाईल.

“दोनशे चौदा?” ते म्हणाले. “सगळ्या?”

“सगळ्या. पण दुसरी एक यादी असते. गेलेल्यांची. त्यात नाव राहतं, कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत ते लिहून. किल्ली काढतात, पण आधीच्या सह्या खऱ्या धरल्या जातात.”

“आणि मी केलेली?”

“ती मागे घ्यावी लागेल. मी आज खोली झाडून पुन्हा बांधीन, माझ्या सहीने. ठिगळं तुमचीच ठेवीन. त्यात चूक नाही.”

“एकही नाही?”

“एकही नाही. मी मोजलंय.”

ते मान हलवत राहिले. “ती दुसरी यादी,” त्यांनी विचारलं, “कोण बघतं?”

खोटं सांगणं सोपं होतं. “फारसं कुणी नाही,” ती म्हणाली. “मी बघते.”

त्यांनी भिंग कपाळावरून काढलं, खिशात ठेवलं आणि खुर्ची तिच्या शेजारी ओढून बसले. “मग लावा फोन,” ते म्हणाले. “मला ऐकू येईल असा लावा.”

चारही घड्याळांत दोन वाजले. पहिल्याच रिंगला मुकादमाने उचलला. आज मागे घणाचा आवाज नव्हता. “बोला, मोजपट्टीबाई. सगळे आहेत. चिमणीसुद्धा आहे. काय लिहायचं? चोरी?”

पडद्यावर जुडगा उघडा होता आणि तिचं बोट नेहमीप्रमाणे त्या नावावर होतं. शेजारी घड्याळजी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ताठ बसले होते. तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली.

“चोरी नाही,” ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच मोठा वाटला. या खोलीत बहुधा फार दिवसांत कुणी मोठ्याने बोललं नसावं. “बगळा अकरा महिन्यांपूर्वी वारला. मी विचारायला यायला हवं होतं, आले नाही. त्याचं नाव मी उतरवते आहे. पुढच्या सोमवारी नाही. आत्ता.”